शैवाक ओळखायची पेटी: टॉर्च पास, तक्ता नापास

पेटीत काय काय आहे ते आधी सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. तीन छोट्या तपकिरी बाटल्या, त्यांवर के, सी आणि पी अशी अक्षरं; थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहायची ही रसायनं. एक अतिनील टॉर्च. काचेच्या कॅपिलरींचं (केसासारख्या बारीक नळ्यांचं) पुडकं, चिमटा, ब्लेड. एक ओळख-पुस्तिका आणि घडी घातलेला मोठा रंगीत तक्ता. त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘शैवाकांचे वर्गीकरण’. दगडावर आणि झाडाच्या सालीवर जी राखाडी, हिरवट, नारिंगी खपली दिसते ते शैवाक, म्हणजे लायकेन; तिचं नाव आणि कूळ कुणालाही काढता यावं, असा पेटी बनवणाऱ्यांचा दावा.

मी आयुष्यभर प्रयोगशाळा सहायक होतो. द्रावणं बनवायची, लेबलं चिकटवायची, सांडलेलं पुसायचं. त्यामुळे अशी कुठलीही पेटी हातात आली की माझी नजर पहिल्यांदा बुचांवर जाते.

के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्के द्रावण. याला फिरकीचं प्लास्टिकचं बूच दिलंय, आत जाड चकती. काचेचं बूच अशा अल्कलीवर हमखास जाम होतं, मग बाटली फोडण्याशिवाय गत्यंतर नाही. बूच नीट बसत नसेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण हळूहळू निकामी होतं. हे माहीत असलेल्या माणसाने ही बाटली निवडलीय, एवढं नक्की. झॅन्थोरिया परिएटिना या नारिंगी शैवाकाच्या तुकड्यावर कॅपिलरीचं टोक टेकवलं, की तिथला नारिंगी रंग पापणी लवायच्या आत जांभळट लाल. त्यातल्या पॅरिएटिन या रंगद्रव्याची ही करामत. नवख्याला दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही.

पण सगळीच शैवाकं इतकी सरळ नसतात आणि पुस्तिका नेमकी इथे गप्प बसते. ‘एक थेंब टाकून रंग पाहा’ एवढंच लिहिलंय. थेंब टाकायचा कुठे? पार्मेलिया सल्केटाचं उदाहरण घ्या. वरच्या राखाडी सालीत अ‍ॅट्रानोरिन असतं, त्यामुळे सालीवर के टाकला की पिवळा रंग येतो आणि तिथेच थांबतो. ब्लेडच्या टोकाने तीच साल खरवडा. खाली पांढरा, कापसासारखा गाभा दिसेल. त्यावर थेंब टेकवून भिंग लावून बसा. आधी पिवळा, मग कडा नारिंगी होत जातात, आणि थोड्या वेळात सगळा ठिपका लाल. ही गाभ्यातल्या सॅलाझिनिक आम्लाची खूण. एकाच तुकड्यावर, एकाच बाटलीने, दोन जागी दोन उत्तरं. पेटीत ब्लेड दिलंय म्हणजे बनवणाऱ्याला हे ठाऊक आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सी म्हणजे हायपोक्लोराइट, सोप्या भाषेत साधं ब्लीच. याच्या बाटलीवर भरल्याची तारीख नाही, आणि माझ्या लेखी हा मोठा दोष. ब्लीचमधला क्लोरीन उडून जातो आणि मेलेलं ब्लीच वापरलं की प्रत्येक शैवाक ‘सी निगेटिव्ह’, म्हणजे सीने रंग न बदलणारं, ठरतं. माझ्या बाटलीत जेमतेम जीव होता. ती ओतून टाकून मी बिनवासाचं ताजं ब्लीच भरलं. काम सुरू करण्याआधी लाल होणारच अशी खात्री असलेल्या शैवाकावर, उदाहरणार्थ जायरोफोरिक आम्ल असलेल्या अम्बिलिकारियाच्या गाभ्यावर, बाटली तपासून घ्यावी. हा लाल रंग काही सेकंदांत उडतो, तेव्हा भिंग आधी डोळ्याला लावायचं आणि थेंब नंतर. के लावून लगेच वर सी लावायची जोडचाचणीही पुस्तिकेत आहे आणि ती नीट समजावलीय.

आता पी. पॅराफिनिलिनडायअमिन. ही बाटली आली तीच काळीकुट्ट. अल्कोहोलात विरघळवलेलं हे रसायन एका दिवसात बिघडतं. ते तयार द्रावण म्हणून बाटलीत भरून विकणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. सोडियम सल्फाइट आणि साबणाचे थोडे थेंब घालून पाण्यात केलेलं स्टायनरचं द्रावण बरेच आठवडे टिकतं, ते द्यायचं होतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हे विषारी आहे. केसांच्या कलपात वापरतात तेच रसायन, ज्याने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. कातडीला, कपड्याला, वहीच्या पानाला डाग पडतो तो जात नाही. पेटीत हातमोजे नाहीत, बाटलीवर मोज्याचं नखाएवढं चित्र तेवढं आहे. शाळेतल्या मुलांच्या हाती ही पेटी देणार असाल तर पी आधी काढून ठेवा.

टॉर्च मात्र एक नंबर. खरी ३६५ नॅनोमीटरची, पुढे काळी गाळणी-काच बसवलेली. ३९५ वाल्या स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड ओकतात की शैवाकाची स्वतःची चमक त्यात बुडून जाते. या टॉर्चखाली क्लॅडोनिया स्क्वामोसाचा स्क्वामॅटिक आम्लवाला तुकडा अंधारात निळसर पांढरा पेटतो, आणि लायकेझॅन्थोन असलेली शैवाकं पिवळी धमक दिसतात. भिंगही चोख आहे. शैवाक ज्यांच्यामार्फत पसरतं ती सोरेडियांची भुकटी आणि इसिडियांची बारीक बोटं यातला फरक स्वच्छ दिसतो, आणि बाहेर फिरताना याहून जास्त ताकद लागतही नाही.

एवढ्यावर थांबले असते तर मी डोळे झाकून शिफारस केली असती. पण तो तक्ता!

तक्त्यात चार रंगीत रकाने आहेत: खपलीसारखी, पानांसारखी, झुडपासारखी, भुकटीसारखी. इथवर ठीक, अंगाची ठेवण सांगायला हे चार शब्द सगळेच वापरतात. पण प्रत्येक रकान्याखाली ‘कूळ’ असं छापलंय. म्हणजे वटवाघूळ पक्ष्यांत घालायचा प्रकार. पार्मेलिएसी या एकाच कुळात पानांसारखी पार्मेलिया आहे आणि दाढीसारखी लोंबणारी उस्निआसुद्धा. तक्त्यात मात्र दोघी दोन टोकांना, जशी काही तोंडओळखही नाही.

शैवाकाचं वर्गीकरण म्हणजे त्यातल्या कवकाचं (बुरशीचं) वर्गीकरण, ही या विषयातली पहिली पायरी आणि तक्ता तीच चुकवतो. लिनियसने १७५३ मध्ये सगळी शैवाकं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत (जातींच्या एकाच गटात) कोंबली होती. त्याचा शिष्य एरिक अकारियस याने १८०३ पासून त्यांची नीट फोड केली. पण तोवर, आणि पुढेही बरीच वर्षं, शैवाक ही एकसंध वनस्पतीच मानली जायची. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनरने १८६७ मध्ये सांगितलं की हे कवक आणि शैवल (शेवाळ) यांचं जोडजीवन आहे, तेव्हा मोठमोठे लोक उखडले. त्यांत शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर आघाडीवर. गंमत अशी की के आणि सी या चाचण्या याच नायलँडरने १८६६ मध्ये पुढे आणल्या. ज्या कवकाचं वेगळं अस्तित्व त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही, त्याच कवकाने बनवलेली आम्लं ओळखायला आज आपण त्याचे थेंब वापरतो. पी त्यामानाने अलीकडची, जपानच्या यासुहिको असाहिनांची १९३० च्या दशकातली.

नावाचा प्रश्न १९५० च्या स्टॉकहोमच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मिटला: शैवाकाला दिलेलं नाव हे त्यातल्या कवकाचं नाव समजायचं. शैवलाचं नाव वेगळं, घर वेगळं. दोनच वर्षांनी रोल्फ सान्तेसॉनने पानांवर वाढणारी शैवाकं इतर कवकांच्या रांगेत बसवून दाखवली. नाहीतर त्याआधी झालब्रुकनरची १९२२ ते १९४० ची दहा खंडांची प्रचंड सूची होती, तिच्यात शैवाकांचा संसार वेगळाच मांडलेला. पेटीतला तक्ता तर तिच्याही मागे जातो.

तो किती फसतो हे बघायचं असेल तर रिकासोलिया अम्प्लिसिमा घ्या. तेच कवक हिरव्या शैवलाशी संसार करतं तेव्हा मोठी राखाडी पानं धरतं, आणि सायनोबॅक्टेरियाशी (प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंशी) जमलं की बारीक, गडद झुडूप बनतं. कधी कधी तर ते झुडूप त्याच पानावर उगवलेलं दिसतं. झुडपाला पूर्वी डेंड्रिस्कोकॉलॉन असं वेगळं नावही होतं. तक्त्याप्रमाणे एकाच देहाचे हे दोन भाग दोन ‘कुळां’त जातील.

मग खरं कूळ कशावरून? बीजाणू, बीजाणूंच्या पिशवीच्या टोकाची रचना, ती आयोडीनने निळी होते का, आणि आता प्रामुख्याने डीएनए. यातलं काहीच दहापटीच्या भिंगातून दिसणारं नाही. पेटीत निदान आयोडीनची चौथी बाटली हवी होती, ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्याला उपयोगी पडली असती. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात शैवाक बनवणाऱ्या कवकांच्या १९,३८७ जाती, ९९५ प्रजाती, ११५ कुळं, ३९ गण आणि ८ वर्ग मोजले आहेत. कवकांच्या दोन मोठ्या शाखांपैकी त्यातली जवळपास सगळी अ‍ॅस्कोमायकोटातली, बॅसिडिओमायकोटातली टक्काभरही नाहीत. आणि त्या टक्क्यातही काय गोंधळ! कोरा नावाचं जे शैवाक बराच काळ एकच जात समजलं जायचं, त्याच्या डीएनएवरून २०१४ मध्ये सव्वाशेच्या वर जाती निघाल्या आणि प्रत्यक्षात त्या चारशेच्याही पुढे असाव्यात असा अंदाज मांडला गेला. चार रकान्यांत हे बसवणार कसं?

पुस्तिकाही थेंबांवर जरा जास्तच विसंबते. थॅम्नोलियाच्या दोन जाती, पांढऱ्या अळ्यांसारख्या, डोळ्यांना अगदी सारख्या. टॉर्चखाली चमकली तर सुब्युलिफॉर्मिस, नाही चमकली तर व्हर्मिक्युलॅरिस, असं तिने ठामपणे सांगितलंय. रसायनापुरतं ते बरोबर आहे. पण डीएनएवरून काढलेल्या वंशरेषा या रसायनाच्या सीमारेषेशी जुळत नाहीत. दुसरं उदाहरण ब्रायोरियाचं: पिवळी टॉर्टुओसा आणि तपकिरी फ्रेमॉन्टिआय. पिवळेपणा व्हल्पिनिक आम्लाचा. दोघींतलं मुख्य कवक जनुकीयदृष्ट्या वेगळं काढता येईना. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना वरच्या सालीत एक तिसरा भिडू सापडला, बॅसिडिओमायकोटातलं यीस्ट, आणि पिवळ्या शैवाकात ते जास्त होतं. थेंब आणि टॉर्च सांगतात की या तुकड्यात अमुक पदार्थ आहे. त्याचे सगेसोयरे कोण, ते त्यांना विचारू नये.

प्रजातींची नावंही जुनी. ज्याला आता पार्मोट्रेमा, पंक्टेलिया, फ्लाव्होपार्मेलिया, झॅन्थोपार्मेलिया म्हणतात ते सगळं पुस्तिकेत सरसकट ‘पार्मेलिया’. शैवाकतज्ज्ञ मेसन हेलने झॅन्थोपार्मेलिया १९७४ मध्येच वेगळी काढली होती, म्हणजे पुस्तिकेला सुधारणा करायला वेळ कमी पडला असं म्हणता येणार नाही.

विक्रेत्याला मी सविस्तर लिहिलं. पी ची बाटली तक्रार न करता बदलून मिळाली, तेवढं त्यांचं श्रेय. तक्त्याबद्दल उत्तर आलं की ‘विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून तसं ठेवलं आहे.’ मी परत लिहिलं की वरचं ‘वर्गीकरण’ खोडून ‘अंगाची ठेवण’ छापा आणि खालचं ‘कूळ’ काढा, तक्ता तेवढ्यानेही सोपाच राहील. त्यावर अजून काही आलेलं नाही.

आणखी एक. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक हात थेट खडकावरच्या शैवाकावर थेंब टाकताना दाखवलाय. तसं करू नका. रायझोकार्पॉनसारखी खडकावरची शैवाकं वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. नखाच्या टोकाएवढा तुकडा काढून कागदावर चाचणी करा आणि वापरलेला तुकडा नमुन्याच्या पाकिटात परत घालू नका, नाहीतर पी चा डाग सगळ्या नमुन्याला लागतो.

पाचापैकी तीन तारे: टॉर्चला एक, भिंगाला एक, के च्या बाटलीला एक. भिंग आणि टॉर्च आधीच असेल तर ही पेटी घेऊ नका, के आणि सी कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत करून मिळतात. काहीच नसेल तर घ्या, आणि पहिल्याच दिवशी सी ची बाटली ओतून नवी भरा, तारखेच्या लेबलासकट.