विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाची मदत : सहा महिन्यांनंतरचा अनुभव

राहायला फ्लॅट घेताना हेवी डिपॉझिट (दरमहा भाड्याऐवजी एकरकमी मोठी ठेव) म्हणून एजंटला पाच लाख रुपये दिल्यानंतर, तोच फ्लॅट दाखवून त्याने आणखी दोघांकडून पैसे उचलल्याचे मला कळले. तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर ठाणे अंमलदारांनी दोन पाने चाळून ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे सांगून माझी बोळवण केली. खासगी वकिलाची फी परवडणारी नव्हती, म्हणून जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातील कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तरीही खिडकीवर माझ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेलाच, तो भाग वेगळा.

पॅनेलवरील वकीलबाईंनी माझी पाच पानी तक्रार पेन्सिल हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या, “ताई, तुमची फसवणूक चौथ्या पानावर सुरू होते.” आधीच्या तीन पानांत एजंटची ओळख कोणी करून दिली, सामान हलवताना किती हाल झाले, हेच होते. नुसता करार मोडला तर वाद दिवाणी राहतो. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली तो दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा) गुन्हा ठरतो, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून इतर दोघांच्या पावत्या आणि तारखा पहिल्याच परिच्छेदात आल्या. दीड पानात तक्रार संपली.

ती देताना आम्ही आवक शिक्क्यासह पोच घेतली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. मात्र आर्थिक व्यवहारांत प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच निकालाने दिली असल्याने पोलिसांनी नेमके तेच पुढे केले. दोन आठवडे वाट पाहून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवली. तेथेही दाद न मिळाल्यास कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह तयार होता, पण ती वेळ आली नाही. तेविसाव्या दिवशी मला जबाबासाठी बोलावले, गुन्हा नोंदवला आणि एफआयआरची प्रत विनामूल्य हातात दिली.

उणिवा आहेतच. वकील नेमला जाण्यातच बारा दिवस गेले, बाई न्यायालयात असताना फोन लागत नसे आणि प्रत्येक भेटीपायी माझा अर्धा दिवस रजेत जाई. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागेल, हे बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते, आणि खोटी आशा न दाखवण्याचा हा गुण मला फीमाफीपेक्षाही मोलाचा वाटला.

तपासाची प्रगती ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मुदत पुढच्या आठवड्यात संपते. पत्र आले नाही, तर स्मरणपत्राचा मसुदा या वेळी मीच करून नेणार आहे, एका पानात.