मशीन बोट का घेत नाही: बायोमेट्रिक कुलपाचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या प्रयोगशाळेच्या रसायन-भांडाराच्या दारावर आठ महिन्यांपूर्वी बोटाच्या ठशावरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटवणारे यंत्र बसवण्यात आले. त्याआधी तेथे साधे कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरण्यात रोज वेळ जात असे. यंत्राची देखभाल, नव्या माणसांची नोंदणी आणि नोंदींची तपासणी माझ्याकडे आली. यंत्र चांगले आहे. ते काढून टाका, असे मी म्हणणार नाही. मात्र अशी यंत्रणा पुढे कशी चालणार हे बव्हंशी नोंदणीच्या पहिल्या तासातच ठरते, आणि तो तास आम्ही घाईत घालवला, हे आधी नमूद करतो.

त्या दिवशी ३६ जणांची रांग लागली होती. कोणी हातमोजे काढून थेट आलेले, बोटे घामाने ओली. कोणी नुकतेच हात धुऊन आलेले. प्रत्येकाने उजव्या हाताची तर्जनी काचेवर टेकवली, हिरवा दिवा लागला, की पुढचा माणूस. ठशाच्या दर्जाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता, पण त्याकडे पाहण्याची गरज ना बसवणाऱ्या तंत्रज्ञाला वाटली ना मला.

आमचे यंत्र ठशाचे चित्र साठवत नाही. बोटावरच्या उंचवट्यांच्या रेषा जेथे संपतात किंवा जेथे त्यांना फाटा फुटतो, ते बिंदू शोधून त्यांची जागा आणि दिशा टिपते व त्यातून एक साचा तयार करते. पुढे प्रत्येक वेळी नव्या ठशाची या साच्याशी तुलना होऊन साम्याचा एक गुणांक निघतो आणि तो ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर असेल तर दार उघडते. डोळ्यातील बुबुळाच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत बुबुळाच्या पोताचा २०४८ बिटांचा, म्हणजे तितक्या ० किंवा १ अशा अंकांचा, संकेत बनतो. दोन वेगवेगळ्या डोळ्यांचे संकेत साधारण निम्म्या बिटांत भिन्न असतात, तर एकाच डोळ्याचे दोन वेळचे संकेत त्याहून बरेच कमी भिन्न असतात, पण तंतोतंत सारखे क्वचितच असतात. पासवर्ड बरोबर असतो किंवा चूक. येथे मात्र ‘पुरेसे जुळते का’ एवढाच प्रश्न असतो. म्हणूनच मूळ साचा कच्चा असला, तर माणूस रोज त्या उंबरठ्याच्या काठावर उभा राहतो.

थंडी सुरू झाली आणि हे प्रत्यक्ष दिसू लागले. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी काचेची उपकरणे धुण्याचे काम करतात. साबण आणि सफाईची द्रावणे यांमुळे त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झाली आहे, तर्जनीवर दोन बारीक आडव्या भेगाही आहेत. एका सकाळी त्या दारापाशी बोट पुसून पुन्हा लावत होत्या, फुंकर घालून पुन्हा लावत होत्या, आणि मागे चारजण थांबले होते. सातव्या वेळी लाल दिवा लागल्यावर त्या म्हणाल्या, “बोट माझंच आहे, आणि हे म्हणतंय मी नाही.” आमचा सेन्सर प्रकाशीय आहे, म्हणजे काचेवर टेकलेल्या बोटाचे चित्र तो प्रकाशाने टिपतो; कोरडी कातडी काचेला नीट चिकटत नाही, रेषा तुटक उमटतात आणि फाटे नसतील तेथे फाटे दिसतात. त्यांची काहीही चूक नव्हती. तरीही संकोच त्यांनाच सोसावा लागला, याचे मला वाईट वाटले आणि आजही वाटते.

मग मी महिन्याभराच्या नोंदी काढल्या. निम्म्याहून अधिक नकार केवळ तिघांच्या वाट्याला आले होते. उरलेल्यांना यंत्र जवळपास कधीच अडवत नव्हते. या क्षेत्रात ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. जॉर्ज डॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आवाजावरून माणूस ओळखण्याच्या यंत्रणांबद्दल लिहिताना वापरकर्त्यांना प्राण्यांची नावे दिली होती. सहज ओळखू येतात त्या मेंढ्या, वारंवार नाकारल्या जातात त्या शेळ्या, ज्यांची नक्कल सोपी ती कोकरे, आणि इतरांच्या नावावर खपून जातात ते लांडगे. चुकांची सरासरी कितीही कमी असली तरी त्या सर्वांत सारख्या वाटल्या जात नाहीत. यंत्र निवडताना आम्ही फक्त सरासरी पाहिली होती.

तक्रारी वाढल्यावर पुरवठादाराने सुचवलेला उपाय होता उंबरठा खाली आणण्याचा. मी तो नाकारला, कारण त्यामुळे खऱ्या माणसाला नकार कमी झाले तरी परक्याला प्रवेश मिळण्याची शक्यता वाढते, आणि रसायनांच्या खोलीला ते परवडणारे नाही. त्याऐवजी सर्वांची नोंदणी नव्याने केली. या वेळी हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, अगदीच शुष्क असतील तर थोडे मलम लावून काही मिनिटे थांबायचे, बोटाचे टोक न टेकवता पेराचा मधला भाग सपाट ठेवायचा, फार दाबायचे नाही, आणि दर्जाचा आकडा समाधानकारक येईपर्यंत ठसा स्वीकारायचा नाही, असे ठरवले. प्रत्येकाची दोन्ही हातांची दोन-दोन बोटे घेतली, म्हणजे एक कापले तरी काम अडत नाही. याला तीन दुपारी लागल्या. त्यानंतरच्या महिन्यात त्या तिघांपैकी दोघांचा त्रास जवळजवळ थांबला.

दुसरा बदल मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला नुसते बोट लावले की दार उघडत असे, म्हणजे यंत्र त्या बोटाची तुलना सर्वांच्या साच्यांशी करत होते. समजा, एका तुलनेत चुकून जुळण्याची शक्यता १०,००० मध्ये १ आहे. ३६ जणांशी तुलना केली की ती सुमारे २८० मध्ये १ इतकी होते. आता आधी कार्ड टेकवायचे, मग बोट. त्यामुळे तुलना फक्त एका माणसाच्या साच्यांशी होते. कार्ड बाळगावे लागते याची कुरकुर झाली, पण सुरक्षितता वाढली.

नकली बोटांची भीतीही निराधार नाही. २००२ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिलेटिनच्या बोटांनी त्या काळचे अनेक सेन्सर फसवून दाखवले. २०१३ मध्ये ठसा ओळखणारा आयफोन बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवरच्या ठशाच्या छायाचित्रावरून बनवलेल्या पातळ प्रतिकृतीने तो उघडला. बोट जिवंत आहे का हे तपासण्याची सोय आमच्या यंत्रात आहे, परंतु ती मुळात बंद ठेवलेली होती, कारण तिच्यामुळे दार उघडायला किंचित उशीर लागतो. मी ती चालू केली. असे यंत्र घेणाऱ्यांनी ही सोय आहे का एवढेच न विचारता ती चालू आहे का, हे स्वतः पाहावे.

चेहऱ्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. कॅमेरा अवरक्त प्रकाशावर चालतो, अंधारातही माणूस ओळखतो आणि संरक्षक चष्मा असला तरी बहुधा अडत नाही. समोरच्या खिडकीतून सकाळचे ऊन थेट भिंगावर येत असे तेव्हा मात्र तो सपशेल हरत होता. खिडकीला पडदा लावला, प्रश्न सुटला.

त्या ज्येष्ठ सहकारी बाईंचे बोट मात्र यंत्राने शेवटपर्यंत घेतले नाही. त्यांच्यासाठी कार्ड आणि चेहरा अशी जोडी ठेवली आहे, आणि तोही न जुळल्यास कार्ड आणि पिन. असा पर्याय पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी उघडपणे असायला हवा होता; मागाहून एकटीसाठी केला की ती सवलत वाटते.

आता उरला साच्यांचा प्रश्न. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी-व्यवस्थापन कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांच्या ठशांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, पण त्या ५६ लाखांना नवी बोटे कोण देणार? मधल्या काळात आमचे दोन सहकारी नोकरी सोडून गेले. त्यांचे साचे कसे पुसायचे, असे मी पुरवठादाराला विचारले, तेव्हा यादीतून नाव काढले की झाले, असे उत्तर मिळाले. मी नावे काढली आणि खात्रीसाठी त्या रात्रीची राखीव प्रत उघडून पाहिली. नावे नव्हती, पण दोघांचेही साचे त्यांच्या क्रमांकांखाली जसेच्या तसे होते. लेखी पाठपुरावा केल्यावर तीन आठवड्यांनी ते पुसण्याची संगणकीय आज्ञा (कमांड) त्यांच्याकडून मिळाली. ती चालवली, जुन्या राखीव प्रती नष्ट केल्या आणि त्या दोघांना तसे कळवले.