'द क्रूसिबल' (१९९६): आईसोबत बघितलेला चेटकिणींचा खटला

शनिवारी रात्री लाइट पण होती, नेट पण होतं आणि आई माझ्याकडे राहायला आलेली, आई म्हणाली लाव काहीतरी, फक्त ते रडारड सिरियल नको. मग वर्षभर लिस्टमध्ये पडून असलेला 'द क्रूसिबल' भाड्याने घेतला. निकोलस हायटनरचा १९९६ चा सिनेमा, आर्थर मिलरच्या १९५३ च्या नाटकावरून, पटकथा पण मिलरनेच लिहिलीय. नाटक मी एमएला असताना 'वाचलं' होतं, म्हणजे गाइड वाचलं होतं, खरं काय ते. सबटायटल्स इंग्लिशच, आणि ते पण जुन्या वळणाचं इंग्लिश, त्यामुळे दोन तास मी आईच्या कानाशी भाषांतर करत होते, घसा बसला अक्षरशः. पण त्यामुळे एक झालं, की प्रत्येक वाक्य मला नीट ऐकावं लागलं.

गोष्ट अशी की १६९२ साल, मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव, कट्टर प्युरिटन लोक, नाचायचं नाही गायचं नाही. काही पोरी रात्री जंगलात नाचताना गावच्या पाद्र्याला, म्हणजे पॅरिसला, सापडतात. त्यात त्याची मुलगी आणि भाची अबिगेल. मुलगी घाबरून अंथरुणाला खिळते, डोळेच उघडत नाही, आणि गावात बोभाटा होतो की चेटूक झालं. मार चुकवायला पोरी नावं घ्यायला लागतात, एक नाव, दोन नावं, मग थांबतच नाहीत.

आईचं पहिल्या अर्ध्या तासातच मत झालं, "ह्या पोरीच्या एक मुस्काटात दिली असती ना तर सगळं गाव वाचलं असतं." आणि बहुतेक लोक सिनेमा बघून हेच म्हणतात की अबिगेल कसली कारस्थानी. विनोना रायडरने केलंय पण तसंच, डोळे असे फिरवते की आपल्यालाच भीती वाटावी. पण मला ह्यावेळी वेगळंच दिसलं.

टिट्युबाचा सीन बघा. ही बार्बाडोसहून आणलेली गुलाम बाई, पाद्र्याच्या घरात राबते. अबिगेल सगळं तिच्यावर ढकलते. मग तिला चाबकाने मारतात आणि विचारतात, सैतानाबरोबर कोण होतं? ती म्हणते अंधार होता, मला दिसलं नाही. आता इथे नीट ऐका, पटनम नावाचा जमीनदार स्वतःच विचारतो, सारा गुड होती का? ऑसबर्न होती का? म्हणजे नावं तिने घेतलीच नाहीत हो, नावं प्रश्नातूनच आली! तिने फक्त त्यातली उचलली. आणि उचलल्याबरोबर मार बंद, आवाज एकदम मऊ, तू तर देवाचं काम करतेयस म्हणे. अबिगेल कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत असते. पोरगी शिकली कुठे, तर इथे. तिने काही नवीन शोधून काढलेलं नाहीये, मोठ्यांनी प्रात्यक्षिक करून दाखवलं.

इथे मी पॉज केला आणि पाणी प्यायला उठले, कारण मला पाच-सहा वर्षांपूर्वीची एका कंपनीतली मीटिंग रूम आठवली. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात मॅनेजरवर जोक चालायचे, कुणीतरी स्क्रीनशॉट वर पोचवला. एकेकाला बोलावलं. मला चहा दिला, बिस्कीट दिलं, आणि म्हणाले तुमच्यावर आमचा काहीच संशय नाहीये मॅडम, फक्त ग्रुपमध्ये कोण कोण अ‍ॅक्टिव्ह होतं ते सांगा, अमुक होता ना? आणि तमुक? मी मान हलवली. त्यातला तमुक बिचारा रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवण्यापलीकडे काही करत नव्हता. त्याचं त्या वर्षीचं इन्क्रीमेंट गेलं. बिस्कीट मारीचं होतं, आजही आठवतंय.

असो. सिनेमाकडे.

पटनमची एंट्री झाली तेव्हा आईने विचारलं, "ह्याला काय मिळणार ह्यातून?" मी म्हटलं जमीन, शेजारी फासावर गेला की त्याची जमीन विकायला निघणार आणि ती घेण्याएवढा पैसा फक्त ह्याच्याकडे. आई म्हणाली, "मग बरोबर." तिच्या माहेरी एका विधवेला करणी करते म्हणायचे, हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. आई म्हणाली आम्ही पोरी तिला घाबरून लांबून जायचो, आणि तिचं विहिरीजवळचं शेत शेवटी दिराने खाल्लं, हे मोठं झाल्यावर कळलं. नंदुरबारकडे सातपुड्यात अजून डाकीण म्हणून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या येतात आणि आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर अध्यादेश काढून. त्यामुळे सेलमवाले किती मागास असं म्हणायला आम्हा दोघींना काही तोंड नव्हतं.

आता सिनेमातली खरी चीज, पॉल स्कोफील्डचा जज डॅनफर्थ. ह्या माणसाला १९६६ च्या 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' सिनेमातल्या थॉमस मोअरच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं, म्हणजे राजाने सांगूनही शपथ न घेणारा, त्यापायी मुंडकं उडवून घेणारा माणूस. तोच तीस वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसून दुसऱ्याला सही कर म्हणतोय! कास्टिंग करणाऱ्याला साष्टांग नमस्कार. आणि तो ओरडत नाही. बाकी सगळं गाव किंचाळतंय आणि हा एकटा हळू, सभ्य, जवळजवळ प्रेमाने बोलतो. आईने मध्येच विचारलं, "हा जज आहे का भटजी?" ह्याच्यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

त्याचं लॉजिक ऐका. म्हणे चेटूक हा न दिसणारा गुन्हा, साक्षीदार दोनच, चेटकीण आणि जिला त्रास झाला ती. चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, मग उरलं कोण? पोरी. म्हणजे पोरी म्हणतील तेच प्रमाण. तुम्ही वकील आणा म्हटलं तर वकिलाला विचारायला काही उरतच नाही. शेजारच्या ९१ जणांनी सह्या करून दिलं की ह्या बायका चांगल्या आहेत, तर ह्याचा हुकूम काय, त्या ९१ जणांनाच चौकशीला आणा. निर्दोष असतील तर त्यांनी घाबरायचं काय कारण, हे वर. हे वाक्य तुम्ही आयुष्यात कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच.

आणि शेवटी शेवटी त्याला कळतंय हो. माझं तरी पक्कं मत आहे की त्याला कळलंय. अबिगेल पाद्र्याची तिजोरी साफ करून पळून गेलीय, पाद्री हेल, जो आधी सगळ्यात पुढे होता चेटूक शोधायला, तो आता हातापाया पडतोय की थांबवा. डॅनफर्थ म्हणतो आता कसं थांबवू, ह्याच आरोपाखाली आधीच लोकांना फाशी दिलीय, आज माफी दिली तर त्यांच्याबद्दल शंका येईल. म्हणजे कालचे मेले म्हणून आजच्यांनी मरायचं. पोरगी खोटं बोलली ते मार चुकवायला, पण हा खुर्ची वाचवायला लोक लटकवतो, आणि दोघांना एका पारड्यात टाकायला मी तयार नाही. आईला हे सांगितलं तर ती गप्प बसली, पटलं असेल असं धरून चालते.

बेस्ट सीन मात्र जोन अ‍ॅलनचा, तिला त्या वर्षी ऑस्कर नॉमिनेशन होतं. प्रॉक्टर, म्हणजे आपला हिरो डॅनियल डे-लुईस, कोर्टात कबूल करतो की माझे अबिगेलशी संबंध होते, म्हणून ती माझ्या बायकोवर खार खाऊन आहे, आणि माझी बायको कधीच खोटं बोलत नाही, विचारा तिला. डॅनफर्थ प्रॉक्टर आणि अबिगेल दोघांना पाठमोरं उभं करतो आणि त्या बायकोला, एलिझाबेथला (हीच जोन अ‍ॅलन), आत आणतो. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघते, काहीतरी इशारा मिळेल म्हणून, तर जज म्हणतो इकडे बघ, फक्त माझ्याकडे. आणि ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलते, तसं काही नव्हतं म्हणते, नवऱ्याची अब्रू वाचवायला. संपलं. आईने कपाळावर हात मारला. त्या सीनमध्ये कुणी कुणाला हात लावत नाही, फक्त कोण कुठे तोंड करून उभं राहील हे एकाने ठरवलंय, आणि तेवढ्यात घर बुडतं.

आता तक्रारी. पहिली मोठी तक्रार मिलरवरच. खऱ्या सेलममधली अबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. त्यांचं लफडं वगैरे काही कागदपत्रांत नाही. मिलरने तिला १७ ची केली, त्याला पस्तिशीचा केला आणि नाटकाला मसाला मिळाला. ठीक आहे, नाटककाराचा हक्क आहे. पण मग ती काय होते? आईबाप मेलेली, ह्याच्या घरात कामाला असलेली पोर, मालकाने हात लावला, मालकिणीने हाकलून दिलं, गावात नाव खराब. सत्तेचा गैरवापर म्हणून आपण दोन तास जजकडे बोट दाखवतो आणि जो पहिला गैरवापर हिरोच्याच गोठ्यात झाला त्यावर सिनेमा नुसता उसासा टाकतो. प्रॉक्टरला पश्चात्तापाचे भरपूर क्लोजअप मिळतात, तिला मिळते बदफैलीची भूमिका. १९९६ च्या लोकांना हे खटकायला हवं होतं.

दुसरी, हायटनरला सगळं मोठं करून दाखवायची खाज आहे. पोरी कोर्टात पिवळा पक्षी दिसल्याचं सोंग करतात त्या सीनमध्ये त्या कोर्टातून किंचाळत बाहेर पळतात आणि थेट पाण्यात जातात, नाटकात हे त्या एका खोलीतच होतं आणि तिथे श्वास कोंडतो. इथे मोकळी हवा आली आणि भीती गेली. म्हणून पाचपैकी साडेतीन, पुस्तक वाचणार असाल तर त्याला साडेचार, पहिल्या अंकात मध्येमध्ये मिलर स्वतः घुसून गावातल्या जमिनीच्या भांडणांवर बोलत बसतो ते तर अजिबात सोडू नका.

गाइडमध्ये न सापडलेला इतिहास थोडा सांगते, कारण बघताना आई सारखी विचारत होती हे खरं झालं का. झालं. १९ जणांना फाशी दिली (जाळलं नाही, ते युरोपात, इथे फाशीच), आणि ऐंशीच्या आसपासच्या जाइल्स कोरीने गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही, म्हणून छातीवर दगड रचून त्याला मारलं. सिनेमात हे दाखवलंय, आईने तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसला. जे कबूल झाले ते जगले, जे नाही म्हणाले ते लटकले, असा उरफाटा हिशेब. पण मला सगळ्यात हादरवलं ते रिबेका नर्सने. ७१ वर्षांची, ऐकायला कमी येणारी म्हातारी, ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं होतं! पोरींनी कोर्टात आरडाओरडा केला, मुख्य न्यायाधीश स्टॉटनने ज्युरीला परत विचार करा म्हणून सुचवलं, ज्युरीने म्हातारीला एक प्रश्न विचारला, तिला तो ऐकूच आला नाही, ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याला कबुली धरलं. पुढे पोरींपैकी अ‍ॅन पटनमने १७०६ मध्ये चर्चमध्ये माफी मागितली. जजांपैकी स्यूअलने १६९७ मध्ये मागितली. स्टॉटनने कधीच नाही.

मिलरने हे १९५३ मध्ये लिहिलं ते अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायची लाट होती तेव्हा, संसदेची समिती लोकांना बोलावून विचारायची, अजून कोण कोण होतं मीटिंगला? तीन वर्षांनी त्यालाच बोलावलं, १९५६ मध्ये. स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्यांची नावं द्यायला नाही म्हणाला. शिक्षा झाली, १९५८ मध्ये अपिलात सुटला. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस, आणि स्वतःच्याच मुशीत बसायची पाळी त्याच्यावर आली. शेवटच्या सीनमध्ये प्रॉक्टर तोंडी कबुली देतो, सही पण करतो, पण कागद द्यायला तयार होत नाही, कारण तो चर्चच्या दारावर ठोकणार. आणि डॅनफर्थला नेमका कागदच हवाय. माझ्या मारी बिस्किटाला कुणी कागद मागितला नव्हता, नुसती मान पुरली.

सिनेमा संपला, दोर ताणला गेला, स्क्रीन काळी. आई बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "त्या मार खाल्लेल्या बाईचं काय झालं गं, पहिल्या?" मला पण आठवेना, सिनेमा तिच्याकडे परत नीट वळतच नाही. फोनवर शोधून सांगितलं, की खरी टिट्युबा कबूल झाली म्हणून फाशीतून वाचली, वर्षभराहून जास्त तुरुंगात होती, तिथल्या खाण्यापिण्याचे पैसे कैद्यानेच भरायचे असत आणि पाद्री पॅरिसने ते भरायला नकार दिला. मग कुणीतरी ते पैसे भरून तिला विकत घेतलं. कोणी ते माहीत नाही, त्यापुढे कुठल्याच कागदावर तिचं नाव येत नाही.

"पैसे किती होते?" आई म्हणाली.

ते सापडलं नाही मला. भाड्याचा सिनेमा अजून एक दिवस चालू आहे, उद्या तो सीन परत बघणार आहे.