शर्टाला खिसा हवा की नको? आलटून-पालटून वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पाडव्याला चार शर्ट शिवून घेतले. कापडाचं दुकान एक, माप एक, टेलर एक. फरक फक्त छातीवरच्या खिशाचा. दोघांना नेहमीसारखा डावीकडे खिसा, एक साफ बिनखिशाचा आणि एक बाहेरून कोरा पण आत चोरखिसा असलेला. पावसाळा, गणपती, दिवाळी आणि मग लग्नसराई, सगळीकडे आलटून-पालटून हेच घातले. डोंबिवली ते मुलुंड लोकल, दिवसभर हिशेबखात्यातली खुर्ची आणि मधूनमधून भिवंडीच्या गोदामात मालमोजणी, असं माझं काम आहे. ज्यांचा दिवस एसीतल्या मीटिंगांमध्ये जातो त्यांचं गणित वेगळं असेल, हे धरूनच वाचा.

खूळ डोक्यात घातलं पुतण्याने. ‘काका, खिसा आता फक्त कंडक्टरच्या शर्टाला असतो,’ म्हणाला. तसं अगदीच नाही. रेग्युलर फिटच्या रॅकवर खिसा अजून असतोच. स्लिम फिटकडे गेलं की तो गायब व्हायला लागतो. पण वय वर्षं पंचविशीतली मंडळी मुद्दाम बिनखिशाचा मागतात हे खरं, आणि ती का मागतात हे घालून बघावंसं वाटलं.

टेलरकाकांना बिनखिशाचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘म्हणजे नंतर लावायचा?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘साहेब, मजुरी तीच पडेल हां. आणि तुम्हाला सांगतो, लोक विचारतील टेलर विसरला का.’ मजुरी कमी होत नाही, तसं कापडही वाचत नाही. ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) २.२५ मीटर घ्या नाहीतर ५८ पन्ह्याचं १.६० मीटर घ्या, खिसा उरल्यासुरल्या तुकड्यातच निघतो. वाचते ती टेलरची मेहनत, आणि रेघांच्या किंवा चौकटीच्या कापडात ती थोडीथोडकी नसते. माझ्या निळ्या रेघांच्या शर्टाचा खिसा हातभर अंतरावरून दिसतसुद्धा नाही, इतकी रेघेवर रेघ बसवली आहे. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना छोटी त्रिकोणी टीप आहे, ताण तिथेच येतो म्हणून. स्वस्तातल्या रेडीमेडमध्ये नेमकी इथेच कसर काढलेली असते: रेघ सुतभर सरकलेली, कोपऱ्याला नुसती दोनदा उलट टीप, आणि दहा-बारा धुण्यांत कोपरा उसवायला तयार. शर्टाची शिलाई पारखायची असेल तर कॉलरच्या आधी खिसा बघा, असं माझं मत झालं आहे.

आता बिनखिशाचा. दिसायला तो चांगलाच दिसतो, त्यात वाद नाही. छाती सपाट, बटणपट्टी सरळ, ब्लेझरखाली तर लाखात एक. पातळ पांढऱ्या कॉटनमध्ये हा फरक जास्त कळतो. खिशाच्या जागी कापड दुहेरी असतं, त्यामुळे डावीकडे एक चौकोन उमटून दिसतो आणि मे महिन्यातल्या घामाने तो चौकोन आणखी गडद होतो. इस्त्रीवालाही खूश, खिशाच्या कडेला पडणारी ती हट्टी घडी नाही. टायसोबत घालायचा असेल तर खिशाचा तसाही काही उपयोग नसतो. म्हणजे ‘दिसणं’ हा एकच निकष असता तर हा लेख इथेच संपला असता.

मोबाइल ठेवायला खिसा हवा, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. शर्टाचा खिसा साधारण ५ इंच रुंद आणि साडेपाच-पावणेसहा इंच खोल. आताचे मोठे मोबाइल सव्वासहा इंच उंच, वजन कव्हर धरून २०० ग्रॅमच्या वर. तो वरून डोकावतो, शर्ट डावीकडे ओढतो, कॉलरचं एक टोक खाली आणि एक वर होतं. नमस्काराला वाकलात की मोबाइल तुमच्या आधी पायावर. शिवाय आमच्या घरी आणखी एक कारण आहे. वडिलांना पेसमेकर बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की मोबाइल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवा, वरच्या खिशात तर मुळीच नको. पेसमेकर बहुधा डाव्या बाजूला कॉलरबोनखाली बसवतात आणि शर्टाचा खिसाही नेमका डावीकडेच. तेव्हापासून वडिलांच्या वरच्या खिशात गोळ्यांची पट्टी, घरच्या नंबरांची चिठ्ठी आणि चष्मा एवढंच असतं.

पैशांसाठीही खिसा लागत नाही. लोकलच्या गर्दीत वरच्या खिशात पैसे ठेवणारा एकतर नवखा असतो नाहीतर दानशूर. शिवाय आता नोटा बाळगतो कोण? यूपीआय २०१६ साली आलं, नोटाबंदीही त्याच वर्षी झाली आणि पाठोपाठ नोटाही आखूड झाल्या. जुनी पाचशेची १६७ बाय ७३ मिलिमीटर होती, आताची १५० बाय ६६. पूर्वी नोट लांबीत दुमडून ठेवली की खिशातून चांगली इंचभर वर दिसायची. धुवायला टाकताना बायकोच्या नजरेस पडायची. आताची जेमतेम कडेशी येते आणि बिनबोभाट मशीनमध्ये जाते.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर खिशाचा खरा त्रास सांगतो. तो जे गिळतो ते परत देत नाही. एटीएमची पावती धुतली गेली की तिचा भुगा खिशाच्या खालच्या शिवणीत महिनाभर निघत राहतो. लग्नाहून आल्यावर तर हमखास अक्षता. मागल्या डिसेंबरात एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगेतल्यांचा नेम चुकला आणि मूठभर तांदूळ माझ्या खिशात गेले. घरी येऊन झटकले, तरी दोन दाणे कोपऱ्यात राहिले. इस्त्री फिरली आणि कुंकवाचे दोन ठिपके बाहेरच्या बाजूला पक्के बसले. लिंबू, साबण, ऊन, सगळं झालं. ठिपके आहेत.

पेनाचं प्रकरण मधलं आहे. ऑफिसात पेन टेबलावर असतं, खिशात असायची गरज नाही. गोदामात मात्र लागतं. गेटवरच्या रजिस्टरला दोऱ्याने बांधलेलं पेन असतं आणि ते कधीही उमटत नाही, हा बहुधा सगळ्या गोदामांचा नियम आहे. बिनखिशाच्या शर्टात पेन पॅंटच्या खिशात ठेवावं लागतं. बसताना टोचतं, आणि जेल पेन असेल तर मांडीवर निळा नकाशा. छातीवर गळण्याचा धोका आहेच, पण तो आता शाईच्या पेनाच्या काळासारखा राहिलेला नाही. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, त्यांची कॅमल शाई वापरून शिकलेल्या पिढीच्या प्रत्येक शर्टाला तळाशी एक निळी चंद्रकोर असायची. अमेरिकेत बफेलोच्या हर्ली स्मिथ नावाच्या इंजिनिअरने या दुखण्यावर खिशात बसवायची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि १९४७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे विमा एजंट फुकट वाटायचे ती हीच. माझ्या काकांच्या पांढऱ्या शर्टातून त्या एजंटाचा फोन नंबर वाचता यायचा.

खिशाने ज्या एका गोष्टीसाठी मला पुरतं जिंकलं ती म्हणजे चष्मा. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही, म्हणजे दिवसभर चष्मा चढवा, काढा, चढवा, काढा. बिनखिशाचा शर्ट घातला की काढलेला चष्मा जातो कुठे? सगळे मार्ग करून बघितले. डोक्यावर ठेवला तर काचांना तेल. दुसऱ्या-तिसऱ्या बटणामध्ये अडकवला तर बटणपट्टी लोंबते आणि खोक्यांवर वाकलं की चष्मा सरळ खोक्यात. चष्म्याची डबी असते खरी, पण ती बॅगेत, आणि बॅग लोकलमध्ये वरच्या रॅकवर, तीही दोन माणसं सोडून पलीकडे. पॅंटच्या खिशात ठेवून चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलं, तेव्हा एक काडी गेली. शेवटी गळ्यात दोरी बांधली. ऑफिसातल्या मुलींनी दुसऱ्या दिवसापासून ‘सर’ सोडून ‘आजोबा’ म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

खिशाच्या शर्टात हा प्रश्नच नाही. घडी केलेल्या चष्म्याची एक काडी आत, एक बाहेर. जेमतेम २५-३० ग्रॅम वजन, शर्ट ओढला जात नाही. कार्टनवरचा बॅच नंबर आणि तारीख मुंगीच्या अक्षरात छापलेली असते. एका हातात चलन, दुसऱ्या हातात टॉर्च, अशा वेळी चष्मा छातीवर आहे हे डोळे मिटून माहीत असणं फार मोठी सोय आहे. पुतण्याला खिसा निरुपयोगी वाटतो तो याच कारणाने. त्याला अजून ०.०० नंबर आहे. माझ्या मते खिशाचा वाद फॅशनपेक्षा वयाचा जास्त आहे. चाळिशी लागेपर्यंत बिनखिशाचा खुशाल मिरवा. नंतर खिसा काढून टाकणं हा आडमुठेपणा.

चोरखिशाबद्दल थोडक्यात. बटणपट्टीच्या आत डावीकडे, ५० रुपये जादा मजुरी. आजोबांच्या बंडीला असाच असायचा. त्यात पैसे, आणि पानतंबाखूची चंची कनवटीला. धोतर-बंडीच्या माणसाला छातीवरचा उघडा खिसा कधी लागलाच नाही. युरोपातही शर्ट मुळात आत घालायचा कपडा होता, खिसे वास्कुटाला असत. वास्कुट गेलं आणि खिसा शर्टावर येऊन बसला. माझा चोरखिसा जत्रेत आणि लग्नात, आहेराची पाकिटं सांभाळायला, उत्तम ठरला. ऑफिसात नाही. चष्म्यासाठी दर वेळी छातीची बटणं सोडणारा माणूस बरा दिसत नाही.

पुढची ऑर्डर दिली आहे. कामाचे तीन, तिघांना खिसा: ५ बाय पावणेसहा, तोंड सरळ, वर झाकण नाही, पेनाची वेगळी फट नाही, कोपऱ्यांना त्रिकोणी टीप, आणि वरची कड तिसऱ्या बटणाच्या रेषेत, कारण मी बुटका आहे आणि त्याखाली गेला तर खिसा पोटावर येतो. ब्लेझरखालचा एक पांढरा बिनखिशाचा. डावखुऱ्या मेहुण्यालाही एक पीस घेतला आहे. त्याला खिसा उजवीकडे हवा होता. टेलरकाकांनी तेही लिहून घेतलं आणि या वेळी काही विचारलं नाही.