जुन्या पेट्रोल पंपाची जागा आणि ‘माती-पाणी तपासलेलं आहे’

दसऱ्यानंतर पाया काढायला घेतला. पाचव्या-सहाव्या फुटाला जेसीबीच्या बकेटमधून मुरूम वर आला तो तांबूस नव्हता, शिशासारखा करडा होता. मिस्त्री कडेला बसून विडीसाठी काडी काढत होता. ऑपरेटर केबिनमधूनच ओरडला, “काका, काडी ठेवा आत!” मग मलाही वास आला. तासाभराने खड्ड्यात हातभर पाणी साचलं आणि त्यावर रंगीत तवंग फिरू लागला.

जागा सोलापूर रस्त्यालगतची, सहा गुंठे, एनए. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरचा पंप बंद पडला होता, त्याचीच ही जागा. शेजारच्या प्लॉटपेक्षा दर बराच कमी. का, म्हणून विचारलं तर एजंट म्हणाला, मालकाच्या मुलीचं लग्न आहे, घाई आहे. “टाक्या कधीच काढल्या साहेब. माती-पाणी दोन्ही तपासलेलं आहे, रिपोर्ट देतो.” दिलेही. शिक्के, सह्या, सगळं जागच्या जागी. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये दुसऱ्यांचे कागद तपासले आणि स्वतःची फाइल नुसती चाळून कपाटात ठेवली.

गंमत अशी की त्यातला एकही रिपोर्ट खोटा नव्हता.

‘सॉइल टेस्ट’ होती ती बांधकामाची, एसबीसीची. दर चौरस मीटरला जमीन किती टन पेलेल, एवढंच त्यात होतं. शेतकऱ्याला माती परीक्षण म्हटलं की नत्र-स्फुरद-पालाश आठवतं, बिल्डरला पाया. पेट्रोल मुरलंय का हे बघणारी तपासणी तिसरीच, आणि ती कोणी सांगितल्याशिवाय करत नाही. पाण्याच्या रिपोर्टात पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म. सगळं मर्यादेत. बेन्झिन, टोल्युइन या पेट्रोलमधल्या विषारी घटकांची नावंसुद्धा नव्हती.

त्यातून नमुना कुठला? दोनशे फुटी बोअरचा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या माथ्यावर तरंगतं, आणि बोअरचा केसिंग पाइप नेमका वरचाच थर बंद करतो. शिवाय मे महिना. रिपोर्टाला जोडलेल्या फोटोत स्कूटरच्या सीटवर उन्हात ठेवलेली पाण्याची प्लास्टिक बाटली दिसते, अर्धीच भरलेली. पाण्यात काही उतरलं असतं तरी ते त्या बाटलीतल्या रिकाम्या जागेत उडून गेलं असतं. अशा तपासणीला नमुना छोट्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडाही न ठेवता भरतात आणि बर्फात ठेवून लॅबला नेतात, हे मला फार उशिरा कळलं.

टाक्या काढल्याचा पुरावा म्हणून जो कागद होता तो भंगारवाल्याची पावती निघाली. ‘पत्रे, लोखंडी सांगाडा, पाइप.’ टाकीचा उल्लेखच नाही! पंपाचा परवाना पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा असतो (मुख्यालय नागपूरला) आणि त्यासोबतच्या मंजूर नकाशात टाक्यांच्या जागा दाखवलेल्या असतात. शिवाय जुनी टाकी कापायची तर आधी ती गॅस-फ्री असल्याचा दाखला लागतो. मी नकाशा मागितला नाही, दाखलाही नाही. दोन टाक्या अजून खालीच होत्या.

मग पुण्याहून या कामातला माणूस आणला. त्याने टाक्यांभोवती, पाइपच्या वाटेवर आणि टँकर जिथे खाली व्हायचा तिथे भोकं पाडली. गळती टाकीपेक्षा पाइपच्या जोडातून जास्त वेळा होते, म्हणाला. प्रत्येक दीड-दोन फुटांची माती पिशवीत बांधायची, थोडा वेळ ठेवायची, मग मीटरची नळी आत घालून वाफ मोजायची. त्यानंतर जाळीदार पाइप टाकून तीन उथळ बोअर केले. तीनच का, तर तीन ठिकाणची पाणीपातळी कळली की पाण्याचा उतार कुठे आहे ते काढता येतं.

उतार शेजारच्या विहिरीकडे निघाला. तिथल्या आजी म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, चहाला वास येतोय. मला वाटलं सिलिंडर गळतंय. दोनदा बदलून आणला.” पिण्याच्या पाण्यात बेन्झिन लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मधल्या बोअरचा आकडा त्याच्या कित्येक पट होता. आजींच्या विहिरीचा तेवढा नव्हता, पण मर्यादेबाहेरच. त्यांना आता टँकर येतो. त्याचे पैसे मी देतो, कारण त्यांच्याकडे बघवत नाही.

वकील म्हणतात, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ खाली, खरेदीदाराला साध्या नजरेने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पण खरेदीखतात ‘जागा आहे त्या स्थितीत पाहून, खात्री करून घेतली’ असं वाक्य आहे आणि खाली माझी सही आहे. दावा चालू आहे. माती उचलून न्यायचा अंदाज जागेच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

गेल्या आठवड्यात त्याच एजंटचा फोन आला. गिऱ्हाईक आहे, विकायचीय का म्हणून. मी म्हटलं, आता काय विकू, पायातून पेट्रोल निघालंय. तो म्हणाला, “त्याचं काय टेन्शन घेता? ते जुने दोन रिपोर्ट आहेत ना तुमच्याकडे?”