नॉक्टर्नसाठी रोलँड एफपी-३०एक्स: पियानो घ्या, पेडल बदला

दुकानात गिऱ्हाईक आधी विचारतं, आवाज किती आहेत? रोलँडच्या या डिजिटल पियानोत पन्नासच्या वर आहेत. नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या मूडची संथ पियानो-रचना, वाजवणाऱ्याला लागतो एकच, ग्रँड पियानोचा, आणि तो उत्तम आहे. घोडं अडतं ते पायाशी, म्हणजे पेडलशी.

शोपँचं ऑपस ९ क्रमांक २ हे नॉक्टर्न घ्या. १२/८चा ठेका, डाव्या हाताला आधी खर्जातला एक स्वर, मग वर उडी आणि दोन कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर). हात वर गेला की खर्ज धरून ठेवायला पेडलशिवाय कोणी नाही. नवा खर्ज दाबताना पाय वर, तो वाजला की लगेच खाली. पाय उशिरा पडला तर खर्ज तुटतो, उचलायचा राहिला तर नुसता चिखल. मधल्या जागा अर्ध्या दाबलेल्या पेडलवर निभावतात. सोबत मिळणारं डीपी-२ हे पेडल मात्र निव्वळ बटण आहे: चालू नाहीतर बंद. शिवाय वजनाला हलकं, त्यामुळे गुळगुळीत लादीवर सरकत जातं. अर्धं दाबलेलंही ओळखणारं डीपी-१० पेडल वेगळं घ्या आणि त्यावरचा स्विच ‘कंटिन्युअस’वर आहे ना ते बघा, नाहीतर तेही बटणासारखंच वागतं. डाव्या पायाचं, स्वर मऊ करणारं सॉफ्ट पेडल हवं असेल तर केपीडी-९० हा तीन पेडलांचा संच, आणि त्यासाठी केएससी-७० स्टँडही आलाच.

पट्ट्यांबद्दल तक्रार नाही. पट्टी अगदी सावकाश दाबली तर तळाच्या थोडं आधी बोटाला बारीकशी अडखळ लागते, ग्रँडसारखी. पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे मे महिन्यातल्या घामातही बोट घसरत नाही. याच नॉक्टर्नचा शेवट ‘पीपीपी’, म्हणजे अगदी हलक्या आवाजात, आहे. तिथे स्वर दचकून मोठे येत असतील तर ‘की टच’ ही पट्ट्यांची सेटिंग एक पायरी जड करा.

स्पीकर ११ वॅटचे दोन, पण तोंड खाली. टेबलावर ठेवलात तर खर्ज घुमतो. मोकळा स्टँडच बरा.

गोव्याच्या पावसाळ्यात अपराइटचं, म्हणजे तारांच्या उभ्या पियानोचं, फेल्ट फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात, ट्यूनिंग बिघडतं. इथे ती कटकट नाही. तरी किनाऱ्याजवळ खारा वारा वायरी जोडायच्या जॅकना खातो, म्हणून झाकण हवंच, आणि गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर भिंतीतून काढायचा.

भाव करताना डीपी-१० धरूनच आकडा मागा.