हप्ते थांबवून देतो म्हणाला आणि ३०,२६२ रुपये घेऊन गेला

घरचे सोडून दोन आठवडे कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होती. पण परवा वर्गातल्या एकीने विचारलं, "तुझ्या लोनचे हप्ते थांबले का गं? मलाही तसाच एक फोन आलाय." म्हणून लिहिते आहे.

बी.ई.साठी चार लाखांचं शैक्षणिक कर्ज होतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत दोन वर्षं नोकरी केली, ६,७४४ रुपयांचा हप्ता एकदाही चुकवला नाही. गेट पास झाले, एम.टेक.ला आले, आणि पगाराच्या जागी १२,४०० विद्यावेतन उरलं. तेही तीन-तीन महिने येत नाही. शिकेपर्यंत हप्ते पुढे ढकलता येतील का, हे विचारायला शाखेत गेले, तर काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "लोनवाले सुट्टीवर आहेत, सोमवारी या." त्याच रात्री मोबाईलवर 'ईएमआयपासून दिलासा' अशी जाहिरात दिसली आणि मी फॉर्म भरला. कर्जखाते क्रमांक, बाकी रक्कम, सगळं माझ्याच हाताने.

तिसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, बँकेच्या लोन विभागातून बोलतोय. ३,१३,७७३ बाकी आहे ना?" मला वाटलं, शाखेनेच माझं काम पुढे पाठवलं. दुसरं काय वाटणार? आकडा रुपयापर्यंत बरोबर होता. बोनाफाईड मागितलं, मी पाठवलं. फाईल चार्ज १,१८० भरला. मग तीन हप्त्यांची अनामत २०,२३२, "मंजुरीनंतर परत मिळते" म्हणून. शेवटी एनओसीचे ८,८५०. तीन महिन्यांचं थकलेलं विद्यावेतन, ३७,२०० रुपये, त्याच आठवड्यात जमा झालं होतं. त्यातूनच गेले.

अनामत भरतानाचा तो क्षण डोक्यातून जात नाही. मेसच्या बाहेर उभी होते. क्यूआर स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं, कुठल्याशा ट्रेडर्सचं. बँकेचं नाही. मी ते नाव वाचलं. थांबलेसुद्धा. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, ते आमचं कलेक्शन अकाउंट आहे, पाच वाजता लिंक बंद होईल." घड्याळात चार पन्नास झाले होते आणि मी पिन टाकला. बँक स्वतःच्या कर्जाचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात कशाला घेईल? पडद्यावरचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. समोरचा घाई करत असेल तर फोन ठेवा.

रात्री बँकेचा शिक्का असलेलं 'मोरॅटोरियम मंजूर' असं पत्र आलं. हप्ते थांबले असं धरून मी खात्यात पैसे ठेवलेच नाहीत. पाच डिसेंबरला हप्ता बाउन्स झाला, ५९० रुपये दंड लागला, आणि काटोलहून बाबांचा फोन आला. "काहून वं, बँकेचा मॅसेज कायचा आला?" ते सहकर्जदार आहेत. संत्र्याच्या बागेत उभे राहून बोलत होते, मागे पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. मला काही सांगताच येईना.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात म्हणाले, "हे सायबरचं आहे." तिकडे गेले तर, "ऑनलाइन तक्रार करा आणि प्रत घेऊन आपल्या ठाण्यात जा." परत आले, तर साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्तात. तीन दिवस, तीन रांगा, त्यात सेमिस्टरची परीक्षा. एक हवालदार सगळ्यांसमोर म्हणाला, "शिकलेल्या पोरी तुम्ही, असं कसं करता?" मी गुन्हा नोंदवायला आले होते, उपदेश ऐकायला नाही! बँकेचं उत्तर तर आणखी संतापजनक. पैसे तुम्हीच पाठवले, आमची जबाबदारी नाही. दंडही माफ होणार नाही. अरे, पहिल्याच दिवशी माझ्याशी दोन मिनिटं बोलला असतात तर मी तो फॉर्म भरला असता का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर पहिल्या काही तासांतच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मला कळायलाच आठ दिवस लागले.

आणि ती सुट्टीवरची लोन अधिकारी अखेर भेटली. तिने पाच मिनिटांत सांगितलं: शाखेत लेखी अर्ज, बोनाफाईड, फीची पावती, सहकर्जदाराची सही. हप्त्यांची फेरआखणी करायची की नाही ते बँक ठरवते, आणि मधल्या काळात व्याज चढतच राहतं. हे त्या भामट्याने एकदाही सांगितलं नव्हतं. कर्जखात्याच्या स्टेटमेंटमध्ये बदल दिसेपर्यंत हप्त्याचे पैसे खात्यात ठेवा, हातात कुठलंही पत्र असो. बँकेला लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.

काल नव्या नंबरवरून फोन आला. "मॅडम, आपले ३०,२६२ परत मिळवून देतो, फक्त २,५०० प्रोसेसिंग." नेमका आकडा त्याला कुठून कळला, ते तुम्हीच समजा. मैत्रिणीला तोच नंबर दाखवला, तिने लगेच ब्लॉक केला.